आंबट वर्ज्य

रत्नागिरी, ता. १२ मे १९३२

सावित्रीबाई विहीणबाई,

फणसाचे गरे काढता काढता हात चिकानं भरले आहेत, तेव्हा नमस्कार तोंडानंच घ्या. उमा सोमवारच्या आगबोटीनं निघते. चिंतामणी हर्ण्याच्या बंदरापर्यंत सोबत येईल, तिथून पुढं गाडी तुमची. गाडीत पेंढा भरपूर घालायला सांगा. आणि गाडीवानाला बजावा, बैल तुझे असतील, पण आतली सून येसूबाईंची आहे.

पाचव्यातच पाठवते म्हणून नावं ठेवू नका. पहिलटकरणीला सातव्यात माहेरी धाडायची रीत मलाही ठाऊक आहे. पण हिचा सातवा येतो आषाढात. तेव्हा बोट बंद असणार. मग पोटुशी पोरीला चिपळूण-खेडच्या रस्त्यानं धक्के खात पाठवू की काय?

आता खाण्याचं. हा कागद भिंतीला चिकटवलात तरी चालेल. पपई नाही, अननस नाही, तीळ नाहीत. खेकडे नाहीत, तिसऱ्या-शिंपल्या नाहीत. सुके मासे चवीपुरते, तेही कडक उन्हात वाळलेले. जरा ओलसर वास आला की मांजराला. शिळा भात नाही. फणसाचे चार गरे, पाचवा नाही. आणि आंबट नाही. चिंच नाही, कोकम नाही, कैरी नाही, लोणचं नाही, ताकसुद्धा नाही. तुम्ही म्हणाल, साऱ्या जगाला डोहाळे आंबटाचेच लागतात. लागू देत. बाकीच्या यादीत थोडं इकडंतिकडं झालं तर मी डोळेझाक करीन, यात नाही.

माझी मावसबहीण जनी तुमच्याच आळीत राहते. ती अधूनमधून डोकावेल. तिला चहा द्या आणि ती इकडंतिकडं काय बघते त्याकडे लक्ष देऊ नका.

उमा गुणाची आहे. दीड वर्षात माझ्याकडे तिनं काही मागितलं नाही, हाच काय तो दोष. तिकडे आईपाशी मागेल. म्हणून हा कागद.

येसूबाई


दापोली, ता. २६ मे १९३२

ती. विहीणबाईंना सावित्रीचा वाकून नमस्कार. माझे हात मोकळे आहेत.

उमा सुखरूप आली. बोटीत एकदा उलटी झाली, गाडीत झोप लागली. जावईबापूंनी बंदरावर आपला निरोप गाडीवानाला शब्दशः सांगितला. तो बिचारा पाच कोस बैलांना हाक मारायलासुद्धा भीत होता.

यादी स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली आहे. उमेचे वडील शाळेतून आले, चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, "ह्यात खायचं काय ते कुठं लिहिलंय?" मी म्हटलं, वरणभात लिहावा लागत नाही. जनीबाई दोनदा येऊन गेल्या. चहा घेतलान नि फडताळ बघितलंन, असं आमची शेजारीण सखू हसत सांगत होती. फडताळात काही सापडायचं नाही. लोणच्याच्या बरण्या मी सगळ्या माळ्यावर टाकल्या.

उमा आली त्याच दिवशी परसातल्या रायवळ आंब्याखाली जाऊन उभी राहिली. काल म्हणाली, "आई, कैरीची एकच फोड." मी भिंतीकडे हात केला. ती तिथवर गेली, यादी वाचली आणि परत रायवळाखाली गेली.

एक विचारते, रागावू नका. उमेच्या वेळी मी चिंचेचं बुटूक ओच्यात घेऊन हिंडत होते म्हणा ना, इतकी चिंच खाल्ली. मला काही झालं नाही, तिलाही नाही. आपल्याकडेच आंबटाचं एवढं का? जमलं तर कारण लिहा. नाही लिहिलंत तरी पाळीन. मी मुलीची आई, मला पाळलंच पाहिजे.

आपली,
सावित्री


रत्नागिरी, ता. १८ जून १९३२

विहीणबाई,

बोट बंद झाली. आता हे पत्र डोंगर चढत-उतरत येणार आणि शिळं होऊन पोचणार. पत्राला शिळेपण चालतं, म्हणून लिहिते.

जनीचं पत्र आलं. लिहिते, सावित्रीबाईंच्या घरात चिंचेचं बुटूकही दिसत नाही, भात वाढताना त्या स्वतः समोर बसतात, उमेचं अंग भरलं आहे. वाचून बरं वाटलं. तुमच्याबद्दल मनात थोडी शंका होती ती काढून टाकली. आईचं काळीज मऊ असतं आणि मऊ काळजाच्या बायका यादीतून पळवाटा काढतात. तुम्ही काढली नाहीत.

कारण विचारलंत. ते राहू दे. मला माहीत आहे आणि ते पुरे आहे.

इकडे मी बाळंतशोपा निवडून ठेवल्या आहेत. सुताराकडून पाळण्याच्या कड्या नव्या करून घेतल्या. चिंतामणी विचारतो, "आई, एवढी घाई कशाला?" मी म्हटलं, तुला कचेरीतले कागद तीन महिने पुढं ढकलायची सवय आहे, बाळाला नसते.

उमेला माझा आशीर्वाद सांगा. आणि म्हणावं, बाळंत झालीस की मी स्वतः तुला चिंचेचं सार करून घालीन. तोवर दम धर.

येसूबाई


दापोली, ता. ९ जुलै १९३२

ती. विहीणबाई,

आपलं पत्र बारा दिवसांनी मिळालं. सातवा लागला. डोहाळजेवण माजघरातच केलं, बाहेर पाय ठेवायची सोय नाही. आळीतल्या दहाजणी आल्या. जनीबाईंनी ओटी भरली आणि पानात काय काय वाढलं आहे ते वाकून पाहिलं. सगळं यादीप्रमाणे होतं.

उमेची तब्येत जराशी नरम आहे. पोट ढवळतं, मध्ये दोनदा उलटी झाली. सकाळी तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखं वाटतं म्हणते. चिमा सुईण म्हणाली, "बाळ वर सरकला की व्हतंय असं, घाबरायचं नाय." मीही तेच म्हटलं.

काळजी करू नये. यादी भिंतीवर आहे. दमट हवेनं तिचे कोपरे सुटले होते, त्यांना खळ लावून बसवलं. उमा आता आंबट मागत नाही.

आपली,
सावित्री


दापोली, ता. २५ जुलै १९३२

विहीणबाई,

उमा जिवंत आहे. हे आधी लिहिते.

मंगळवारी पहाटेपासून तिला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. पाण्याचा घोट टिकेना. दवाखान्याचे डॉक्टर येऊन गेले, पावसाळ्याचं पाणी बाधलं म्हणाले, औषध दिलं. बुधवारी चिमानं पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग विचारलं, "बाय, पोर कवापासून हललं नाय?" उमेला आठवेना. मलाही आठवेना.

गुरुवारी दुपारी सुटली. मुलगी होती. डोक्यावर केस होते.

उमेचे वडील आणि सखूचा नवरा सखाराम घेऊन गेले. पाऊस होता. ते परत येईपर्यंत मी तांदूळ निवडत बसले, दुसरं काही सुचलं नाही. दिवेलागणीला बघितलं तर निवडलेलेच तांदूळ परत परत निवडत होते.

उमा रडली नाही. मीही रडले नाही. घरात भांड्यांचा आवाज तेवढा होतो. जावईबापूंना आपणच सांगावं. मला दुसरं पत्र लिहवत नाही.

सावित्री


रत्नागिरी, ता. ४ ऑगस्ट १९३२

सावित्रीबाई,

पत्र पोचलं. मी वाचलं, मग ह्यांनी वाचलं, मग चिंतामणीनं वाचलं. तो घडी घालून परत माझ्या हातात देऊन कचेरीत गेला. संध्याकाळी रोजच्या वेळेला घरी आला. जेवला. मी वाढलं.

बाळंतशोपा निवडलेल्या आहेत. उमेला त्या लागतील, बाळ असो नसो. बोट नाही म्हणून पाठवता येत नाहीत. तिथल्या घ्या. तिला शेक द्या, डोक्याला बांधा, वारं लागू देऊ नका.

मला एकच विचारायचं आहे. तिनं काय खाल्लं होतं? मी दोष देत नाही. पाणी बाधलं म्हणता, तर एकाच घरातलं पाणी सगळे प्यायलात. मला फक्त माहीत असायला हवं. खरं ते लिहा.

येसूबाई


दापोली, ता. १६ ऑगस्ट १९३२

ती. विहीणबाई,

यादीबाहेरचं काही नाही.

जावईबापू येऊन गेले. पावसातून आले, अंगावरचे कपडे दोन दिवस वाळले नाहीत. ओटीवर बसून होते. उमेशी चार शब्द बोलले असतील, पाचवा नाही. जाताना मला विचारलं, "कधी आणायला येऊ?" मी म्हटलं, विहीणबाई लिहितील तेव्हा.

उमा उठते, न्हाते, दिलं तेवढं जेवते. ताकाचं भांडं समोर आलं की पाट मागं सरकवते. आमटीत कोकम आहे का विचारते. असलं तर नुसता भात खाते. मी यादी भिंतीवरून काढायला गेले तर म्हणाली, "राहू दे." दुपारी तिच्यासमोर उभी असते. पाठ झाली असेल आतापर्यंत.

सावित्री


रत्नागिरी, ता. १२ सप्टेंबर १९३२

सावित्रीबाई,

गणपती आला आणि दीड दिवसानं गेला. यंदा मोदक केले नाहीत, नैवेद्याला साखर ठेवली.

जनीचं पत्र आलं आहे. ती उमेला भेटायला आली होती, तुम्ही तेव्हा विहिरीवर होतात. तिनं काही विचारलं नव्हतं. उमा आपण होऊन म्हणाली, "जनीमावशी, मी कैऱ्या खाल्ल्या. खारातल्या. दीड महिना रोज खाल्ल्या. सासूबाईंना सांगा." जनीनं जसंच्या तसं लिहिलं आहे.

तुम्ही मला लिहिलं होतंत, यादीबाहेरचं काही नाही. दोनदा लिहिलंत. मी तुमचं पत्र काढून पाहिलं. अक्षर चांगलं आहे तुमचं, हात कुठं थरथरलेला दिसत नाही.

तुम्ही कारण विचारलं होतंत ना. आता लिहिते. चिंतामणीच्या आधी मला एक झाला होता. एकतीस वर्षं झाली. मी पंधरा वर्षांची. सासूबाईंनी आंबट बंद केलं होतं, का ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, त्यांच्या सासूनं केलं होतं म्हणून. मी चिंच चोरून माळ्यावर लपवली आणि दुपारी सगळे निजले की चढून खायची. सातव्या महिन्यात माझं असंच झालं. असंच, उलट्या आणि सगळं. मुलगा होता. मी खाटेवर असतानाच सासूबाईंनी माळ्यावरची चिंच आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "जिभेपायी पोर खाल्लंस." पुढं त्या सोळा वर्षं जगल्या. दर साली पहिली कैरी घरात आली की एकदा म्हणायच्या. मोठ्यानं नाही. कैरी चिरता चिरता.

तेव्हापासून मी आंबट खाल्लेलं नाही. घरात हे कोणाच्या ध्यानात आलेलं नाही.

मला उमेला तसं म्हणायचं नाही. मी तसं म्हणणार नाही असं रोज ठरवते. पण काल भाजी चिरताना ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. समोर कोणी नव्हतं म्हणून राहिलं. ती इथं आली, पुढच्या चैत्रात घरात कैरी आली, की माझ्या तोंडून निघेल. मला माझी भीती वाटते. बोट महिन्याभरात सुरू होईल, पण उमेला पाठवू नका. मी लिहीन तेव्हा पाठवा. कधी लिहीन ते मला ठाऊक नाही.

चिंतामणीला यातलं काही सांगितलेलं नाही. तो रोज विचारतो.

येसूबाई


दापोली, ता. २१ ऑक्टोबर १९३२

ती. विहीणबाई,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन चुलीत घातली. हे टपालात घालायला सखारामकडे देईन आणि तो पेठेच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत दारात उभी राहीन, म्हणजे परत मागता येणार नाही.

परवा कल्हईवाला आला. पाऊस संपला की दरवर्षी येतो. आळीच्या पिंपळाखाली भाता मांडतो. मी भांडी काढून दिली. पातेली, तपेली, आणि एक पितळी डबा, घट्ट झाकणाचा, माझ्या लग्नात आईनं दिलेला. पूर्वी त्यात तूप असायचं, मग बरीच वर्षं रिकामा होता. कल्हईवाल्यानं झाकण काढलं, आत बघितलं आणि डबा उन्हात धरला. मला म्हणाला, "बाय, ह्यात आंबट ठेवलं होतं काय?" आतून सगळा हिरवा होता. तळाला जाड हिरवा थर. कल्हई नावालासुद्धा नव्हती. तो म्हणाला, "ह्यातलं खाल्लं असतं तर माणूस उठला नसता. कोणी खाल्लं नाही ना?" मी म्हटलं, नाही.

आता सांगते.

उमेला कैऱ्या मीच दिल्या. आपल्या यादीला महिनाही झाला नव्हता. ती मागायची नाही, नुसती रायवळाखाली जाऊन उभी राहायची. मला ते बघवेना. खारातल्या कैऱ्या माळ्यावर बरणीत होत्या. बरणी खाली आणली तर दिसणार. चिनी मातीची बरणी म्हणजे लोणचं, हे जनीबाईंनाच काय, शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून मी कैऱ्या खारासकट त्या डब्यात काढल्या आणि डबा तांदळाच्या कणगीत खोल पुरला. कणगीत कोण हात घालतंय?

आंबट पितळेत ठेवू नये हे मला ठाऊक नाही असं नाही. आपल्यात कोणाला ठाऊक नसतं? मला वाटलं आत कल्हई असेल. कोठीत अंधार. बघायचं तर डबा उजेडात, ओटीवर न्यायला हवा होता, आणि ओटीवर जनीबाई चहा पीत बसल्या होत्या. म्हटलं, दोन दिवसांपुरतं आहे, मग बघू. मग दोन दिवस झाले, आठ झाले, उमा खूश होती, मी विसरले.

पंधराएक दिवसांनी ती म्हणाली होती, "आई, कैरी हिरवट लागते गं." मी म्हटलं, "कैरीच ती, हिरवीच लागणार." हे मी म्हटलं. माझं मला ऐकू येतं अजून.

मी एकही खाल्ली नाही. तिला पुरावी म्हणून. एक जरी खाल्ली असती तरी कळलं असतं.

मुलगी गेल्यावर चार दिवसांनी मी डबा कणगीतून काढला, उरलेलं परसात ओतलं आणि आत न बघता झाकण लावून ठेवून दिला. तेव्हा मला वाटलं होतं, विहीणबाई म्हणाल्या तेच खरं, आंबटानं घात केला. आपल्याला खोटं लिहिलं ते त्या भीतीनं. उमेला परत नेलं नाही तर, ही भीती. ती मात्र आपल्या जिभेला दोष देत बसली आणि मी तिला बसू दिलं, कारण तिनं स्वतःला दोष दिला की माझं नाव येत नव्हतं. हे लिहायला दोन पत्रं जाळावी लागली.

नक्की त्या डब्यानंच झालं असं छातीठोक कोण सांगणार? कल्हईवाला डॉक्टर नव्हे. पण तांब्याच्या पैशाची चव, त्या उलट्या, आणि तो हिरवा थर मी पाहिला आहे. आंबटानं काही झालं नाही. आंबट उमेच्या वेळी मीही खाल्लं होतं. झालं ते माझ्या डब्यानं, माझ्या लपवण्यानं.

काल उमेला सांगितलं. कल्हईवाल्याला मी डबा तसाच परत मागितला होता, तो तिच्यापुढं ठेवला. ती आत बघत राहिली. मला वाटलं ओरडेल, डबा माझ्या अंगावर फेकेल. फेकला असता तर बरं झालं असतं. तिनं झाकण लावलं आणि विचारलं, "म्हणजे मी खाल्लं म्हणून नाही?" मी म्हटलं, नाही. परत विचारलं. मी परत नाही म्हटलं. रात्री जेवताना तिनं ताक मागितलं. तीन महिन्यांनी. अर्धी वाटी प्यायली आणि उठली. माझ्याशी अजून बोललेली नाही. यादी आज सकाळी भिंतीवर नव्हती.

तिला आपण आणवा किंवा आणवू नका, आपल्या हाती आहे. मला जे म्हणायचं असेल ते म्हणा, पण मलाच म्हणा. तिला म्हणण्यासारखं काही उरलेलं नाही.

सावित्री


रत्नागिरी, ता. ४ नोव्हेंबर १९३२

सावित्रीबाई,

तुमचं पत्र दिवाळीच्या आदल्या दिवशी आलं. दिवाळी केली नाही. पत्र ह्यांना आणि चिंतामणीला समोर बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. माझी चिंचेची गोष्टही सांगितली. ह्यांना एकतीस वर्षांत ठाऊक नव्हतं की त्यांची आई दर साली मला काय म्हणायची. ते म्हणाले, "मला कधी बोलली नाहीस." मी म्हटलं, तुम्ही कधी स्वयंपाकघरात आला नाहीत.

तुमचा राग आला नाही असं लिहिणार नाही. आला. चार दिवस घरात तुमचं नाव घेतलं नाही. मुलीला तीन महिने तशी बसू दिलीत, हे मी विसरेन असं मला वाटत नाही. पण डबा तुम्ही कणगीत पुरलात तो माझ्या कागदापायी. ओटीवर जनी बसली होती ती मी बसवली होती. कागद नसता तर बरणी फडताळात असती आणि कैरी बरणीत असती. तेव्हा सगळा दोष तुम्ही एकट्या घेऊ नका. माझा मला द्या.

येत्या बुधवारच्या बोटीनं चिंतामणी हर्ण्याला उतरतो. उमेला त्याच्याबरोबर पाठवा. आता माझ्या तोंडून ते निघायचं नाही. मी भाजी चिरताना बघितलं, येत नाही ते तोंडात. तिची यायची इच्छा नसेल तर तसं सांगू दे, चिंतामणी दोन दिवस थांबेल. मी वाट बघेन.

घरातल्या बरण्या मी माळ्यावरून काढून फडताळात पुढच्या रांगेत लावल्या. लोणचं, खारातल्या कैऱ्या, कोकमं. उमेला सांगा, घरात काही मागावं लागणार नाही, हात पुढं केला की हाताला येईल. पितळेची सगळी भांडी आमच्याकडच्या कल्हईवाल्याला दिली. माझ्या डोळ्यांदेखत कल्हई कर म्हटल्यावर तो हसला, पण मी प्रत्येक भांड्यात हात फिरवून पाहिला.

तुमचा तो डबाही पाठवून द्या. मला तो बघायचा आहे.

एक राहिलं. चार दिवस मी माझी चिंच आठवते आहे. माळ्यावर लुगड्यांच्या बोचक्यामागं ठेवली होती. शिडीची तिसरी पायरी करकरायची, म्हणून ती चुकवून चढायची. चिंच मिठात कालवलेली होती, बोटं चोखायची मी. चव आठवते. खाटेवर असताना सासूबाईंनी ती आणून समोर ठेवली, त्यांच्या हातातल्या पाटल्या आठवतात. कशात आणली होती ते आठवत नाही. मातीचं होतं की पितळेचं? विचारायला आता कोणी नाही. रोज डोळे मिटून शिडी चढते, बोचकं बाजूला करते, हात घालते. हाताला चिंच लागते. भांडं लागत नाही.

येसूबाई